लाल दिवे लागले म्हणून प्रिंटर बदलायचा?

महाराष्ट्रात आष्ट्या पुष्कळ आहेत. बीड जिल्ह्यातली तालुक्याची आष्टी, वर्ध्याकडची १९४२ च्या हुतात्म्यांची आष्टी, १८१८ साली बापू गोखले धारातीर्थी पडले ती सोलापूरकडची आष्टी. इथे बोलायचं आहे ते जालना जिल्ह्यातल्या, परतूर तालुक्यातल्या आष्टीला धरून. नवा प्रिंटर ऑनलाइन मागवायचाच ठरला, तर पत्त्यात तालुका आणि जिल्हा ठळक लिहावा, एवढी सूचना सुरुवातीलाच करून ठेवतो. पण मागवावा का, हा खरा प्रश्न आहे.

अशा बाजाराच्या गावात निव्वळ फोटो स्टुडिओवर दुकान चालवणं आता अवघड झालं आहे. त्यामुळे एकाच गाळ्यात झेरॉक्स, लॅमिनेशन, पीकविम्याचे अर्ज, सातबारा, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि मागच्या भिंतीवर पडदा लावून फोटो, असा सगळा पसारा असतो. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा राज्यभर अशाच दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. या दुकानांतला कमावता गडी म्हणजे टेबलावरचा इंकजेट प्रिंटर. शाईच्या सहा टाक्या असलेला एप्सनचा एल ८०५ किंवा त्याच्या आधीचा एल ८०० अजूनही अनेक ठिकाणी रोज चालतो. मग एक दिवस चेहऱ्यांवर बारीक आडव्या रेघा यायला लागतात, किंवा दोन लाल दिवे आलटून-पालटून लुकलुकतात आणि मशीन हूं की चूं करत नाही. विक्रेता म्हणतो, "याचं आयुष्य झालं, नवीन मॉडेल आलंय, हा देऊन टाका."

माझं मत आधीच सांगतो. दहापैकी बऱ्याच वेळा नवा प्रिंटर घेऊन फोटो सुधारत नाही. सुधारतो तो शाई, कागद आणि सेटिंग बदलल्यावर, आणि ती तिन्ही जुन्याच मशीनवर बदलता येतात. नवं मशीन घ्यावं ते जुन्याला जमतच नसलेलं एखादं काम गिऱ्हाईक मागू लागलं तर. किंवा दुरुस्तीचा खर्च हाताबाहेर गेला तर.

हे पटायला मशीनच्या पोटात काय चालतं ते थोडं बघावं लागेल.

इंकजेटमध्ये शाईचे थेंब फेकायच्या दोन रीती आहेत. १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांची तापलेली सोल्डरिंगची सळई शाईच्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेने शाईत बुडबुडा तयार होतो आणि तो पुढचा थेंब ढकलून देतो, हे त्यातून लक्षात आलं. अमेरिकेत एचपीचे लोक त्याच सुमाराला स्वतंत्रपणे याच कल्पनेवर पोचले आणि १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट बाजारात आला. एप्सनने वेगळा मार्ग धरला. त्यांच्या हेडमध्ये पिझो स्फटिक असतो. वीज दिली की तो किंचित वाकतो आणि त्या दाबाने थेंब बाहेर पडतो. त्यात शाई तापत नाही.

ही माहिती निर्णयाच्या वेळी कामाची आहे. बुडबुड्याचं हेड तापून-तापून झिजतं, म्हणून कॅनन आणि एचपीच्या टाकीवाल्या अनेक मशीनांत हेड घरच्या घरी काढून नवं बसवता येतं. पिझो हेड तापत नसल्यामुळे वर्षानुवर्षं टिकतं, पण ते मशीनमध्ये पक्कं बसवलेलं असतं आणि कायमचं गेलं तर महाग पडतं. म्हणजे बिघाड एकच असला, तरी कॅननवाल्याने "हेड बदलू" म्हणणं आणि एप्सनवाल्याने "आधी नीट साफ करून बघू" म्हणणं, दोन्ही बरोबर.

आता रंग. साधा टाकीवाला प्रिंटर चार रंगांचा असतो: निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा. फोटोसाठीच्या सहारंगी मशीनमध्ये फिका सायन आणि फिका मॅजेंटा हे दोन जास्त असतात. कारण असं की प्रिंटर फिका रंग 'फिका' म्हणून छापू शकत नाही. तो गडद शाईचेच ठिपके विरळ टाकतो आणि मधला पांढरा कागद डोळ्याला फिकेपणा भासवतो. गालावरच्या उजेडात, कपाळावर, लहान लेकराच्या चेहऱ्यावर हे विरळ गडद ठिपके दाणेदार दिसतात. तिथे फिकी शाई दाट टाकली की त्वचा सपाट आणि मऊ येते. थेंबाचा आकारही महत्त्वाचा. एल ८०५ चा सर्वांत लहान थेंब दीड पिकोलिटरचा. ऑफिसच्या कामाच्या चाररंगी एल ३११० चा तीन पिकोलिटरचा, म्हणजे दुप्पट. एक पिकोलिटर म्हणजे मिलिलिटरचा अब्जावा भाग. इतक्या लहान मापातही दुपटीचा फरक गालावर दिसतो.

म्हणून ज्याच्याकडे चाररंगी, कागदपत्रांचं मशीन आहे आणि त्यावरच तो फोटो काढून देतो, त्याने सहारंगी घेतला तर ती खरी बढती. पण ज्याच्याकडे चालू हालतीतला एल ८०५ आहे, त्याने त्याच घराण्यातला नवा एल ८०५० घेतला, तर रंग तेच सहा. शाईच्या बाटल्या नव्या, मशीन नवं, पीव्हीसी कार्ड छापायची सोय अंगचीच. फोटो मात्र शेजारी ठेवून दाखवला तर गिऱ्हाईकाला फरक सांगता येईल असं मला वाटत नाही. कॅननच्या जी ६७० मध्ये फिक्या रंगांऐवजी लाल आणि राखाडी शाई आहे. राखाडीमुळे काळ्या-पांढऱ्या फोटोत हिरवट किंवा जांभळट झाक येत नाही. जुने कृष्णधवल फोटो दुरुस्त करून मोठे करून देण्याचं काम ज्याच्याकडे जास्त, त्याने हा मुद्दा लक्षात ठेवावा. बाकीच्यांनी त्यापायी पैसे घालू नयेत.

विक्रेत्याच्या तोंडी एक आकडा हमखास असतो: ५७६० गुणिले १४४० डीपीआय. हा आकडा थेंब किती बारीक अंतराने ठेवता येतात त्याचा आहे, फोटोतल्या बारकाव्यांचा नाही. चार बाय सहा इंचाचा फोटो इंचाला ३०० पिक्सेलने छापायला १२०० गुणिले १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम बावीस लाख. आजचा कुठलाही मोबाइल त्याच्या कितीतरी पट देतो. घोटाळा होतो तो वाटेत. गिऱ्हाईक फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो, आणि तिथे साध्या दर्जाचा फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलपर्यंत आकसून येतो. सहा इंचात ते १६०० पिक्सेल बसवले तर इंचाला २६६ पडतात, काम भागतं. तोच फोटो आजोबांच्या वर्षश्राद्धासाठी बारा बाय अठराचा करा म्हटलं, तर इंचाला ८९ उरतात. मग मिशा म्हणजे एक करडा पट्टा आणि टोपीची किनार पायऱ्या-पायऱ्यांची. लाखाचा प्रिंटर आणला तरी तो पट्टा पट्टाच राहणार. यावर उपाय फुकट आहे. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगायचं, किंवा २०२३ पासून आलेला एचडीचा पर्याय निवडायला सांगायचं. दुकानात पाटी लावावी, दहा वेळा सांगावं लागत नाही. मूळ फोटोच कागदी असेल, तर मोबाइलने त्याचा फोटो काढून आणू नका, तोच घेऊन या, म्हणावं. स्कॅनरवर ६०० डीपीआयने घेतलेला जुना पासपोर्ट फोटोसुद्धा चकित करतो.

शाईकडे वळू, कारण खरी गंमत इथे आहे. फोटोच्या शाया दोन जातींच्या: डाय आणि पिगमेंट. पाण्यात साखर विरघळते तसा डायचा रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, आणि हळद पाण्यात तरंगते तसे पिगमेंटचे बारीक कण द्रवात नुसते पसरलेले असतात. डाय कागदाच्या लेपात शिरतो, म्हणून चकाकी आणि रंगाचा उठाव चांगला. पिगमेंटचे कण वरच्या थरात बसतात, उजेड आणि हवेला जास्त दाद देत नाहीत, पाण्याने पसरत नाहीत. एल ८०५ सारख्या मशीनांची फोटोची शाई डाय असते.

डायचा कमकुवतपणा जगाला २००० साली चांगलाच कळला. एप्सनचे स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर त्या वर्षी आले आणि त्यांच्या फोटोंचं कौतुक झालं. मग काही ठिकाणच्या लोकांना दिसलं की उघड्यावर ठेवलेले फोटो थोड्याच दिवसांत नारिंगी पडताहेत. दोष हवेतल्या ओझोनचा निघाला. तो सायन रंग खाऊन टाकत होता, आणि सायन गेला की उरतो पिवळा आणि मॅजेंटा. कंपनीला गिऱ्हाइकांची भरपाई करावी लागली. काचेमागे किंवा प्लास्टिकच्या खोळीत असलेल्या फोटोंना मात्र तेवढा त्रास झाला नाही, कारण तिथे हवा खेळती नव्हती. पुढे शाया सुधारल्या, पण रसायनाचा स्वभाव तोच राहिला.

आपल्याकडे फोटो लावायची जागा कुठली, ते आठवून बघा. दारातून ऊन येतं ती भिंत, देवघराच्या वरची खुंटी, पंख्याच्या झोतातला कोनाडा. उदबत्तीचा धूर वेगळाच. अशा जागी बिनकाचेचा डाय शाईचा फोटो लावला तर तो लाल पडणार, आणि शिव्या स्टुडिओवाल्याला बसणार. चांगली शाई, काच, आणि फोटो व काच यांच्यात थोडी फट ठेवणारा माउंट एवढं केलं, की तोच फोटो पुष्कळ वर्षं राहतो. लॅमिनेशननेही हवा तुटते, म्हणून स्वस्तात मागणाऱ्याला ते द्यावं.

जपलेला फोटो किती टिकतो ते बघा. राजा दीनदयाळ निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते, आणि मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. एकोणिसाव्या शतकातल्या त्यांच्या अल्ब्युमेन प्रती आजही बघायला मिळतात. काहीशा पिवळसर झाल्या आहेत, पण त्यातली माणसं, हत्ती, तंबू ओळखू येतात. त्या टिकल्या त्या मुख्यतः अल्बममध्ये, उजेडाआड राहिल्यामुळे. वारसा म्हणून जपायचा फोटो आजही पेटीतच जपावा आणि भिंतीवर त्याची प्रत लावावी.

आता स्वस्त शाई. परगावच्या बाजारात 'कंपॅटिबल' म्हणून लिटरवर शाई मिळते आणि मोह पडतो. हिशेब करू. एप्सनच्याच दाव्याप्रमाणे एल ८०५ चा ७० मिलिलिटरच्या सहा बाटल्यांचा संच चार बाय सहाचे १८०० फोटो देतो. एकूण ४२० मिलिलिटर, म्हणजे फोटोमागे पाव मिलिलिटरपेक्षाही कमी. समजा बाटली ६०० रुपयांना पडली. संच ३६०० रुपयांचा, फोटोमागे शाई दोन रुपयांची. स्वस्त शाई एक तृतीयांश भावात घेतली तर फोटोमागे सव्वा रुपयाहून थोडं जास्त वाचतं, १८०० फोटोंत चोवीसशे. आणि हेड चोंदून गेलं तर एका फटक्यात त्याच्या कितीतरी जास्त जातात. शिवाय सगळे रंग सारख्या ताकदीचे नसतात. पहिल्या भरणीला त्वचा हिरवट, दुसऱ्या भरणीला तांबूस, आणि दोष मशीनला. प्रिंटर खराब झालाय असं समजून नवा घ्यायला निघालेल्यांपैकी किती जणांची टाकी तपासावी लागेल, देव जाणे.

कागदाचंही तसंच. बाजारातला १८० जीएसएमचा पांढराशुभ्र चकचकीत कागद बहुधा कास्ट-कोटेड असतो. एका बाजूला लेप, मागून साधा कागद. पासपोर्ट फोटोला तो पुरतो. भिंतीवर लावायच्या किंवा हातात घेऊन बघायच्या फोटोला आरसी कागद घ्यावा. त्याला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असतो, वजन २४० ते २७० जीएसएम, ओल्या हवेत तो गोळा होत नाही. कागद बदलला की ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार बदलायला हवा, आणि हीच गोष्ट नव्वद टक्के दुकानांत राहून जात असावी असा माझा संशय आहे. 'प्लेन पेपर' ठेवून चकचकीत कागद घातला तर मशीन शाई वेगळ्याच मापाने सोडतं. हळदीच्या फोटोत नवरीचा चेहरा आणि लुगडं एकच पिवळा डाग होतो तो यामुळे. त्याच फाइलवर योग्य प्रकार निवडून, फोटोशॉपमध्ये रंगाचा ताबा फोटोशॉपकडे आणि ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद, असं एकदा करून बघावं. दोघांनीही रंग सुधारायचा ठरवला की फोटो बिघडतो. "दादा, जरा गोरा आला पाहिजे" ही मागणी मात्र कुठलंच सेटिंग पुरवू शकत नाही. तिचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मराठवाड्यातला उन्हाळा या मशीनांचा खरा वैरी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर, हवा कोरडी, काळ्या मातीची धूळ पत्र्याच्या गाळ्यात सहज शिरते. लग्नसराई संपली की प्रिंटर आठ-आठ दिवस न चालता पडून राहतो. हेडच्या तोंडाशी शाई वाळते. त्यावर वीज. दिवे गेले की दुकानदार सवयीने बोर्डावरचं बटण बंद करतो. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं तर हेड कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं. मध्येच बोर्डावरून बंद केलं तर ते उघडं राहतं, आणि आष्टीच्या मे महिन्यात उघडं राहणं म्हणजे सकाळपर्यंत रेघा नक्की. हा प्रिंटर छापताना दहा-पंधरा वॉटच खातो. छोट्या यूपीएसवर सहज चालतो. लेझर प्रिंटरचं तसं नाही, त्याला शेकडो वॉट लागतात. यूपीएसचा खर्च हा माझ्या दृष्टीने पहिला अपग्रेड. मशीनवर कापड टाकावं आणि काम नसलं तरी तीन-चार दिवसांतून एकदा सहाही रंगांची एक लहान पट्टी छापावी.

रेघा आल्या की नोझल चेक काढायचा. तुटलेल्या रेघा दिसल्या तर एकदा-दोनदा हेड क्लिनिंग. तरी गेल्या नाहीत तर मशीन बारा तास बंद ठेवून पुन्हा बघायचं. वाळलेली शाई कधीकधी आपोआप भिजून सुटते. लोक चिडून लागोपाठ दहा वेळा क्लिनिंग मारतात. त्यात शाई जाते, आणि ती जाते कुठे? मशीनच्या तळाशी असलेल्या स्पंजासारख्या पॅडमध्ये.

तिथे आपण लाल दिव्यांपाशी येतो. पॅड किती भरलं असावं याचा हिशेब मशीन मोजत असतं. ठरलेला आकडा आला की ते काम थांबवतं आणि दिवे लुकलुकवतं. हे हेड गेल्याचं लक्षण नाही, मोटर गेल्याचं नाही. कारागीर संगणकावरून 'रिसेट मारून' देतो आणि मशीन पुन्हा धावू लागतं. पण पॅड न बदलता नुसता रिसेट मारत राहिलं तर एक दिवस टेबलावर आणि खालच्या सातबाऱ्यांवर शाई ओघळते. रिसेटबरोबर पॅड बदलून घ्यावं, तेही सांगून आणि डोळ्यांदेखत. अलीकडच्या अनेक मॉडेलांत पॅडऐवजी बाहेरून काढता येणारा मेंटेनन्स बॉक्स असतो आणि तो मालकालाच बदलता येतो. जिथे कारागीर परतूर किंवा जालन्याहून बोलवावा लागतो, तिथे ही सोय लाखमोलाची. नवं मशीन घ्यायचंच असेल तर डीपीआयआधी हे विचारावं.

मग नवा घ्यायचा कधी? रुंदीसाठी घेणं मला सर्वांत पटतं. एल ८०५ चा कागद ए फोरपर्यंत. बारा बाय अठराचा फोटो त्यावर निघत नाही, त्यासाठी ए थ्री प्लसचं मशीन लागतं: जुन्यांत एल १८००, नव्यांत एल १८०५०. आता इथे भावनेपेक्षा पाटी-पेन्सिल घ्यावी. समजा मशीन ४५ हजारांना पडलं आणि मोठ्या फोटोमागे कागद, शाई जाऊन दीडशे रुपये उरतात. पैसे वसूल व्हायला तीनशे फोटो हवेत. महिन्याला दहा निघत असतील तर अडीच वर्षं. महिन्याला तीस निघत असतील तर दहा महिने, मग डोळे झाकून घ्यावं. गेल्या वर्षीच्या वहीत असे किती फोटो मागितले गेले आणि किती परत पाठवावे लागले ते आधी मोजा. वही नसेल तर दोन महिने ठेवा आणि मग निर्णय करा. तोवर मोठे फोटो शहरातल्या लॅबकडून करून आणण्यात कमीपणा नाही. लॅबची मशीनं चांदीच्या क्षारांच्या कागदावर प्रकाशाने फोटो काढतात, आणि तो फोटो टिकाऊपणात डाय इंकजेटपेक्षा सहसा सरसच असतो.

लग्नमंडपात जागेवरच फोटो काढून द्यायचे असतील, तर इंकजेटचा अपग्रेड हा रस्ताच चुकीचा. तिथे रिबन आणि रोलवर चालणारा डाय-सब्लिमेशन प्रिंटर लागतो. फोटो काही सेकंदांत, कोरडा, पुसला न जाणारा. एका जोडीतून ठरावीकच फोटो निघतात म्हणून हिशेब चोख. हेड वाळायची भानगड नाही. पण महिन्यातून एक-दोनच लग्नं असतील तर तो कोपऱ्यात धूळ खातो.

पीव्हीसी कार्ड हे सध्याचं मोठं आमिष आहे. शाळेची ओळखपत्रं, संस्थांची कार्डं यासाठी ते ठीक. पण आधार कार्डावर गणित मांडू नका. बाजारात छापून घेतलेली पीव्हीसी आधार कार्डं वापरू नयेत, त्यांत सुरक्षेच्या खुणा नसतात, असं यूआयडीएआयने जानेवारी २०२२ मध्येच जाहीर केलं आहे. अधिकृत कार्ड नाममात्र शुल्कात टपालाने घरी येतं. गिऱ्हाईक मागतो म्हणून छापलेल्या कार्डावर मशीनचा हप्ता फेडायचा, हे टिकणारं नाही.

पासपोर्ट साइज फोटोचा धंदाही पूर्वीसारखा राहणार नाही, हेही धरून चाला. खुद्द पासपोर्टसाठी केंद्रावरच फोटो काढतात, चार वर्षांखालच्या लेकरांचा तेवढा बाहेरून न्यावा लागतो. आधार आणि ड्रायव्हिंग लायसन्सचंही तसंच. स्पर्धा परीक्षांचे फोटो फाइल म्हणून अपलोड होतात. चार बाय सहाच्या कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो बसवायचं काम अजून बरीच वर्षं निघेल, पण ते काम जुना एल ८०५ ही डुलक्या घेत करतो. त्यासाठी नवं मशीन लागत नाही. वाढ दिसते ती भिंतीवरच्या फोटोंत, जुन्या फोटोंच्या दुरुस्तीत आणि वाढदिवस-साखरपुड्याच्या छोट्या अल्बममध्ये. पैसे घालायचे तर त्या बाजूला.

तेव्हा आष्टीतल्या दुकानदाराला माझा सल्ला असा. आधी मूळ शाई, नीट कागद, कागदाचं सेटिंग आणि यूपीएस. पॅड भरलं असेल तर पॅड बदला. हेड साफ होत नसेल तर दुरुस्तीचा भाव लेखी घ्या, आणि तो नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर गेला तरच नव्याचा विचार करा. नवं घ्यायला गेलात तर पेनड्राइव्हवर स्वतःच्या तीन फाइली न्या: एक हळदीचा फोटो, एक लहान लेकराचा चेहरा, एक जुना कृष्णधवल. कागदही आपलाच न्या. त्या दुकानात त्या छापून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि जुनं मशीन पाच-सातशे रुपयांत एक्स्चेंजला देऊन टाकू नका, पासपोर्ट फोटोंसाठी ते शेजारी चालू राहू द्या.